अमेरिकेतील २०१० चा आरोग्यसुधारणा कायदा : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी 'पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट' या विधेयकावर स्वाक्षरी केली. छापील स्वरूपात ९०६ पृष्ठे भरणाऱ्या या कायद्याची दहा प्रकरणे आहेत. त्यांपैकी दहावे प्रकरण हे बव्हंशी पहिल्या नऊ प्रकरणांतील तरतुदींमध्ये दुरुस्त्या करणारे आहे. म्हणजे हा कायदा स्वतःच स्वतःला दुरुस्त करीत संपतो. एवढ्यावर हे थांबत नाही. अवघ्या सात दिवसांनी, ३० मार्च २०१० रोजी, दुसरा एक कायदा संमत होऊन त्याने मूळ कायद्यातील अनेक कलमे पुन्हा बदलली. परिणामी पहिल्या प्रकरणातील एखादे कलम वाचणाऱ्याने ते दहाव्या प्रकरणात बदलले आहे काय, आणि तेथेही ३० मार्चच्या कायद्याने काही फेरफार केला आहे काय, हे पाहिल्याशिवाय त्या कलमाचा अर्थ सांगण्याचे धाडस करू नये अशी स्थिती आहे.

याचे एकच उदाहरण पुरेसे ठरावे. दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढ व्यक्तींना मेडिकेड या योजनेत सामावून घेतले जाईल, असे कायद्याच्या संहितेत नमूद आहे. प्रत्यक्षात ही मर्यादा १३८ टक्के आहे. कारण उत्पन्न मोजताना त्यातून दारिद्र्यरेषेच्या पाच टक्क्यांइतकी रक्कम वगळावी, असे दुसऱ्या कायद्याने ठरविले. केवळ मूळ संहिता वाचणारा अभ्यासक येथे प्रामाणिकपणे चुकेल.

या गुंतागुंतीचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. काहींच्या मते ती विमा कंपन्यांच्या हितसंबंधांची करणी आहे, तर काहींच्या मते तो कायदेमंडळाचा निष्काळजीपणा आहे. दोन्हींत तथ्य आहे; परंतु दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत. प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की, हा कायदा गुंतागुंतीचा आहे याचे मुख्य कारण तो कोऱ्या पाटीवर लिहिला गेला नाही हे होय. सुमारे शंभर वर्षांत जे जे नाकारले गेले आणि जे जे तात्पुरते म्हणून स्वीकारले गेले, त्या सर्वांना धक्का न लावता त्यांच्यामधल्या फटी बुजविण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणून या संहितेचे आकलन विधिज्ञाइतकेच इतिहासकाराचेही काम ठरते. आपल्याकडे पदवी स्तरावर आधुनिक जगाचा इतिहास शिकविताना अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेचा विषय बहुधा रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'पाशी संपतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने खरी कथा मात्र त्या 'न्यू डील'मधून जे वगळले गेले, तेथून सुरू होते.

नाकारलेले आणि उरलेले : १९१२ ते १९६५

सन १९१२ च्या निवडणुकीत थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात आजारपणासाठी सामाजिक विम्याचे आश्वासन दिले होते. ते निवडणूक हरले. पुढे १९३५ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला, तेव्हा वृद्धापकाळ आणि बेकारी यांचा त्यात समावेश झाला. आरोग्यविमा मात्र बाजूला ठेवण्यात आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला कडवा विरोध होता, आणि या एका कलमापायी संपूर्ण कायदाच बुडेल अशी भीती प्रशासनाला वाटत होती.

यानंतर जे घडले ते कोणीही योजून केले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई रोखण्यासाठी ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने वेतनवाढीवर नियंत्रण आणले. परंतु वाजवी प्रमाणातील विमा व निवृत्तिलाभ यांना 'वेतना'च्या व्याख्येतून वगळले. कामगारांचा तुटवडा होता, पगार वाढविता येत नव्हता. तेव्हा मालकांनी कामगार मिळविण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरला जाणार नाही, हे निःसंदिग्ध केले. १९४० साली अमेरिकेतील दहा जणांपैकी जेमतेम एकाकडे रुग्णालयीन खर्चाचा विमा होता. १९५० पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले. युद्धकाळातील एका पळवाटेतून राष्ट्राची आरोग्यव्यवस्था उभी राहिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हॅरी ट्रूमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी काँग्रेसला संदेश पाठवून राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी केली. काळ लक्षात घेण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा होऊन ५ जुलै १९४८ पासून ती सेवा सुरू झाली. भारतात भोर समितीचा अहवाल १९४६ मध्येच सादर झाला. अमेरिकेत मात्र शीतयुद्धाच्या वातावरणात 'समाजवादी वैद्यक' या दोन शब्दांनी ट्रूमन यांच्या योजनेचा निकाल लावला. मेडिकल असोसिएशनने प्रचारासाठी व्हिटेकर आणि बॅक्स्टर या व्यावसायिक प्रचारसंस्थेची नेमणूक केली होती. तथापि विरोध यशस्वी झाला त्याचे आणखी एक कारण होते. संघटित कामगारांपैकी अनेकांना आतापावेतो मालकांकडून विमा मिळू लागला होता. ज्यांच्या मागणीत बळ होते त्यांची गरज भागली होती. ज्यांची गरज भागली नव्हती त्यांच्या मागणीत बळ नव्हते.

याच सुमारास आणखी एक कायदा झाला, ज्याकडे आरोग्याच्या इतिहासात फारसे कोणी लक्ष देत नाही. विमा हा आंतरराज्यीय व्यापार असल्याने तो संघशासनाच्या कक्षेत येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये दिला होता. काँग्रेसने १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन पुन्हा घटकराज्यांकडे सोपविले. पन्नास राज्यांचे पन्नास विमा आयुक्त आणि पन्नास नियमावल्या ही रचना तेव्हापासून घट्ट झाली. या तपशिलाकडे पुढे परत यावे लागेल.

३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेड यांना जन्म देणाऱ्या कायद्यावर मिसूरीतील इंडिपेंडन्स येथे, वयोवृद्ध ट्रूमन यांच्या उपस्थितीत, स्वाक्षरी केली आणि मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रूमन यांनाच दिले. समारंभ हृद्य होता. कायद्याची रचना मात्र तडजोडीची होती. वृद्धांसाठी रुग्णालयीन विमा, डॉक्टरांच्या शुल्कासाठी ऐच्छिक विमा आणि गरिबांसाठी राज्यांच्या सहभागाने चालणारी मदत असे तीन वेगवेगळे प्रस्ताव समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी एकावर एक रचले. यांतील तिसरा थर, म्हणजे मेडिकेड, राज्यांसाठी ऐच्छिक होता. अ‍ॅरिझोना राज्याने तो १९८२ मध्ये स्वीकारला. शिवाय केवळ गरीब असणे पुरेसे नव्हते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, अपंग अशा 'पात्र' गटांत बसणे आवश्यक होते. धडधाकट, अपत्यहीन गरीब प्रौढ माणूस बहुतेक राज्यांत या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला.

पॉल स्टार या अभ्यासकाने या अवस्थेला धोरणाचा सापळा म्हटले आहे. बहुसंख्य लोकांना पुरेसे संरक्षण मिळते, वैद्यकीय उद्योगाला भरपूर लाभ होतो, आणि म्हणून जे वंचित आहेत त्यांच्यासाठी व्यवस्था बदलावयास कोणी तयार होत नाही.

विमासक्तीचा उगम

बिल क्लिंटन यांनी १९९३ साली हा सापळा एका फटक्यात तोडण्याचा प्रयत्न केला. त्यांचे विधेयक १,३४२ पृष्ठांचे होते. विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर 'हॅरी आणि लुईस' या मध्यमवर्गीय जोडप्याच्या जाहिराती दाखविल्या. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे जोडपे विधेयकाविषयी चिंता व्यक्त करीत असे. ज्यांच्याकडे विमा आहे त्यांना तो गमावण्याची धास्ती वाटू लागली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये विधेयक मतदानाविनाच संपले. या पराभवातून डेमोक्रॅटिक पक्षाने घेतलेला धडा २०१० च्या कायद्याच्या पानापानांवर उमटला आहे. तो धडा असा : ज्याच्याकडे जे आहे त्याला हात लावावयाचा नाही. मालकांमार्फतचा विमा, मेडिकेअर, मेडिकेड आणि खासगी कंपन्या हे सारे जसेच्या तसे ठेवून केवळ मधल्या रिकाम्या जागा भरावयाच्या. जुन्या वाड्याच्या भिंती न पाडता आत नव्या खोल्या काढाव्यात, तसे हे काम होते. अशा घरात जिने आणि बोळ जास्त होणारच.

विमासक्तीच्या तरतुदीचा उगम हा या इतिहासातील विशेष उद्बोधक भाग आहे. विमा घेणे प्रत्येक कुटुंबावर बंधनकारक करावे ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचाराच्या संस्थेने मांडली होती. आपत्कालीन रुग्णास पैशाअभावी परत पाठविता येणार नाही असे बंधन १९८६ च्या कायद्याने मेडिकेअर स्वीकारणाऱ्या रुग्णालयांवर घातले होते. तेव्हा विमा न घेणाऱ्याचा भार अखेर इतरांवर पडतो, असा युक्तिवाद करता येत होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी एप्रिल २००६ मध्ये ही कल्पना कायद्यात उतरविली.

तिच्यामागील तर्क साधा आहे. आजारी व्यक्तीस विमा नाकारता येणार नाही आणि तिच्याकडून जास्त हप्ताही घेता येणार नाही, एवढेच कायद्याने सांगितले तर लोक आजारी पडेपर्यंत विमा घेणार नाहीत. केवळ आजारी लोक विमा घेऊ लागले की हप्ते वाढतात. हप्ते वाढले की उरलेसुरले निरोगी लोकही बाहेर पडतात. न्यूयॉर्कसह काही राज्यांनी १९९० च्या दशकात हा अनुभव घेतला होता. म्हणून विमा नाकारण्यास बंदी, सर्वांवर विम्याची सक्ती आणि ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांना अनुदान अशी तीन पायांची रचना २०१० च्या कायद्यात करण्यात आली. विमा न घेणाऱ्यास २०१६ साली प्रत्येक प्रौढामागे ६९५ डॉलर अथवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड होता. अनुदान दारिद्र्यरेषेच्या शंभर ते चारशे टक्के उत्पन्न असणाऱ्यांसाठी होते. शंभर टक्क्यांखालील लोक मेडिकेडमध्ये जातील असे गृहीत धरलेले असल्याने त्यांच्यासाठी अनुदानाची तरतूदच केली नव्हती. हे गृहीतक पुढे फार महागात पडले.

तीन महिने : डिसेंबर २००९ ते मार्च २०१०

प्रतिनिधिगृहाने आपले विधेयक ७ नोव्हेंबर २००९ रोजी २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत केले होते. त्यात संपूर्ण देशासाठी एकच विमा बाजारपेठ, म्हणजे एक्स्चेंज, कल्पिलेली होती. सिनेटने २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ मतांनी वेगळे विधेयक संमत केले. कर लावणारे विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू झाले पाहिजे या घटनात्मक अटीसाठी सिनेटने सैनिकांच्या घरखरेदीच्या करसवलतीचे एक विधेयक घेतले, त्यातील मजकूर काढून टाकला आणि त्या जागी आपला मसुदा घातला. सिनेटच्या या मसुद्यात १९४५ च्या परंपरेस अनुसरून प्रत्येक घटकराज्याने आपली एक्स्चेंज स्थापावी, आणि राज्याने तसे न केल्यास संघशासनाने ती स्थापावी, अशी व्यवस्था होती.

नेहमीच्या प्रथेप्रमाणे दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून मसुदा साफ करावयाचा असतो. परंतु १९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्समधील पोटनिवडणुकीत, एडवर्ड केनेडी यांच्या निधनाने रिक्त झालेली जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली. चर्चा रोखून धरण्याची विरोधकांची युक्ती मोडण्यासाठी लागणारी साठ मते आता डेमोक्रॅटिक पक्षाकडे उरली नाहीत. सिनेटचा मसुदा एका शब्दाचाही बदल न करता प्रतिनिधिगृहाने स्वीकारणे हाच मार्ग राहिला. २१ मार्च रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी तो स्वीकारला गेला, आणि साध्या बहुमताने संमत होणाऱ्या अर्थसंकल्पीय प्रक्रियेतून जेवढ्या दुरुस्त्या शक्य होत्या तेवढ्या ३० मार्चच्या कायद्याने करण्यात आल्या. ज्यांचा अंदाजपत्रकाशी संबंध जोडता येत नव्हता त्या त्रुटी तशाच राहिल्या. एकाच कायद्यात १५६३ या क्रमांकाची तीन वेगवेगळी कलमे आहेत, ती या घाईची खूण होय.

थोडक्यात, आज आपण जो कायदा म्हणून वाचतो तो अनेक अर्थांनी एक कच्चा मसुदा आहे.

दोन निवाडे

कायद्याच्या वैधतेवरील पहिला मोठा निवाडा २८ जून २०१२ रोजी आला. त्या सकाळी घडलेला प्रसंग वाचनाच्या शिस्तीविषयी बरेच काही शिकवून जातो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात प्रथम असे म्हटले होते की, व्यापारविषयक अधिकाराखाली विमासक्ती समर्थनीय ठरत नाही. सीएनएन आणि फॉक्स न्यूज या वाहिन्यांनी तेवढे वाचून विमासक्ती रद्द झाल्याची बातमी प्रसारित केली. काही पृष्ठांनंतर त्याच निकालपत्रात, हा दंड म्हणजे कर समजता येतो आणि कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसला आहे, म्हणून तरतूद वैध होय, असे नमूद होते. पाच विरुद्ध चार मतांनी विमासक्ती टिकली होती.

मात्र त्याच दिवशी झालेल्या दुसऱ्या निर्णयाचे मानवी मोल अधिक होते. मेडिकेडचा विस्तार न करणाऱ्या राज्याचे जुने अनुदानही थांबविण्याची धमकी म्हणजे जबरदस्ती आहे, असे सात न्यायाधीशांनी ठरविले. विस्तार ऐच्छिक झाला. म्हणजे १९६५ ची तडजोड पुन्हा जिवंत झाली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा अनेक राज्यांनी विस्तार नाकारला. आता शंभर टक्क्यांखालील गरिबांना मेडिकेड नाही आणि, ते मेडिकेडमध्ये असतील या गृहीतकामुळे, अनुदानही नाही. २०१४ साली टेक्सासमधील एकट्या प्रौढ व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १२,००० डॉलर असेल तर तिला विम्यासाठी भरघोस मदत मिळत होती; १०,००० डॉलर असेल तर काहीही मिळत नव्हते. ज्याची गरज अधिक, त्याच्या पदरी शून्य. हे कोणाच्याही मनात नव्हते, कोणत्याही पक्षाने ते मागितले नव्हते. तरीही ते घडले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिना हे विस्तार करणारे चाळिसावे राज्य ठरले. उरलेल्या दहा राज्यांत ही फट तेव्हाही कायम होती.

दुसरा निवाडा, किंग विरुद्ध बर्वेल, २५ जून २०१५ चा. येथे वाद केवळ चार इंग्रजी शब्दांचा होता : 'एस्टॅब्लिश्ड बाय द स्टेट'. करसंहितेच्या ३६-बी या कलमानुसार करसवलतीच्या रूपातील अनुदान 'राज्याने स्थापन केलेल्या' एक्स्चेंजमधून घेतलेल्या विम्यासाठी मिळणार होते. परंतु ३४ राज्यांत संघशासनाचे संकेतस्थळ वापरले जात होते. वादींचे म्हणणे असे की, शब्द स्पष्ट आहेत. या राज्यांतील लोकांना अनुदान देणे बेकायदा आहे. हे मान्य झाले असते तर साठ लाखांहून अधिक लोकांचे अनुदान गेले असते आणि त्या राज्यांतील विमाबाजार कोसळला असता.

कायद्यात 'राज्य' या शब्दाची व्याख्या पन्नास राज्ये आणि कोलंबिया जिल्हा अशी दिलेली आहे. संघशासन त्यात बसत नाही. शब्दशः वाचन वादींच्या बाजूने होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसऱ्या एका कलमात, राज्याने एक्स्चेंज न स्थापल्यास संघशासनाच्या आरोग्यमंत्र्यांनी 'अशी एक्स्चेंज' स्थापावी, असे म्हटले आहे. 'अशी' म्हणजे कोणती? जी राज्याने स्थापावयाची होती तीच, असा अर्थ घेतला तर अनुदान टिकते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने हाच अर्थ स्वीकारला. कायद्याचा मसुदा सफाईदार नाही, तीन-तीन १५६३ कलमे त्यात आहेत, बराचसा भाग बंद दाराआड लिहिला गेला, हे त्यांनी निःसंकोच नोंदविले. न्यायाधीश फ्रँकफर्टर यांनी १९४७ च्या एका लेखात उल्लेखिलेल्या व्यंगचित्राचीही त्यांनी आठवण दिली. त्यात एक सिनेटर सहकाऱ्यांना सांगतो की, हे विधेयक समजण्यापलीकडचे आहे, तेव्हा ते संमत करूनच त्याचा अर्थ कळेल. प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी ९ मार्च २०१० रोजी एका परिषदेत जवळपास असेच बोलल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांची पुष्कळ थट्टा झाली होती.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी भिन्नमतपत्रात या निर्णयावर कडाडून टीका केली. शब्दांना त्यांचा अर्थ उरू देत नसाल तर कायदा लिहिण्याला काय अर्थ, हा त्यांचा प्रश्न आजही क्षुल्लक म्हणता येणार नाही. तथापि प्रस्तुत लेखकास बहुमताचे वाचन अधिक ऐतिहासिक वाटते. 'राज्याने स्थापन केलेली' हे शब्द अनुदान रोखण्याच्या हेतूने तेथे आले नाहीत. विम्याचे नियमन राज्यांकडे देणाऱ्या १९४५ च्या कायद्यापासून चालत आलेली सवय आणि २०१० च्या जानेवारीत हुकलेली साफसफाई, या दोहोंमुळे ते तेथे आले. शब्दाचा अर्थ कोशात जसा असतो तसा तो शब्द तेथे कसा पोहोचला यातही असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ताम्रपट वाचताना हे शिकविले जाते; अधिनियम वाचताना आपण ते विसरतो.

नागरिकांचे आकलन

न्यायालयापुढे निदान वकील होते. सामान्य नागरिकापुढे काय होते? २००९ च्या उन्हाळ्यात प्रतिनिधिगृहाच्या एका मसुद्यातील कलम १२३३ वरून 'मृत्यू मंडळे' ही अफवा उठली. त्या कलमात एवढेच होते की, आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयी रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतल्यास त्याचे शुल्क मेडिकेअरने द्यावे. अफवेचा जोर इतका होता की ते कलम अंतिम कायद्यात राहिलेच नाही. पुढे १ जानेवारी २०१६ पासून प्रशासकीय नियमाद्वारे असे शुल्क देण्यास प्रारंभ झाला आणि फारसा गवगवा झाला नाही.

चूक एकाच बाजूची नव्हती. ज्याला आपला विमा पसंत असेल त्याला तो ठेवता येईल, असे ओबामा वारंवार सांगत राहिले. नव्या निकषांत न बसणाऱ्या विमापत्रांबाबत ते खरे ठरणे शक्यच नव्हते. २०१३ च्या शरदात लाखो लोकांच्या हाती विमा रद्द झाल्याची पत्रे पडली. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर २०१३ रोजी, सुरू झालेल्या संघशासनाच्या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. क्लिष्ट कायदा सोपा करून सांगताना तो खोटा होऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

कैसर फॅमिली फाउंडेशनच्या एप्रिल २०१३ च्या पाहणीत ४२ टक्के अमेरिकनांना हा कायदा अद्याप अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते. २०१७ च्या प्रारंभीच्या दुसऱ्या एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश लोकांना 'ओबामाकेअर' आणि 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट' एकच आहेत हे माहीत नव्हते. केंटकी राज्याने आपल्या एक्स्चेंजला 'किनेक्ट' असे नाव दिले होते. २०१४ च्या पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक मतदारांनी ओबामाकेअरविषयी नापसंती दर्शविली. किनेक्टविषयी नापसंती दर्शविणारे चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. वस्तुतः किनेक्ट हे त्या कायद्याचेच केंटकीतील रूप होते.

लाभ मात्र प्रत्यक्ष होते. सरकारी पाहणीनुसार २०१० मध्ये सुमारे ४ कोटी ८६ लाख अमेरिकन विम्याविना होते. २०१६ पर्यंत ही संख्या सुमारे २ कोटी ८२ लाखांवर आली. सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांच्या विम्यात राहता येऊ लागले. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनाही या कायद्याचा एक कोपरा परिचित आहे. मुलांकडे कायमस्वरूपी वास्तव्यासाठी गेलेल्या पासष्ट वर्षांवरील आईवडिलांना मेडिकेअरमध्ये हप्ता भरून प्रवेश घेण्यासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि तोपर्यंत पूर्ण स्वरूपाचा विमा मिळणे पूर्वी अत्यंत कठीण होते. २०१४ पासून एक्स्चेंजमधून तो घेता येऊ लागला. मधुमेह वा हृदयविकार आहे म्हणून कंपनीला तो नाकारता येत नाही.

निरसनाचे प्रयत्न

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत कायदा रद्द करण्याचा प्रयत्न झाला. प्रतिनिधिगृहाने ४ मे २०१७ रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी निरसनाचे विधेयक संमत केले. परंतु सिनेटमध्ये २८ जुलै रोजी पहाटे जॉन मॅकेन, सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या तीन रिपब्लिकन सदस्यांच्या विरोधी मतांमुळे अखेरचा मसुदा ४९ विरुद्ध ५१ असा पडला. १९९४ मध्ये क्लिंटन यांना ज्या भीतीने हरविले, तीच भीती आता उलट दिशेने काम करीत होती. लोकांकडे आता विमा होता आणि तो जाईल ही धास्ती होती.

यानंतर अनुदानाचा इतिहास पुन्हा तात्पुरत्या कलमांचा झाला. महासाथीच्या काळात २०२१ च्या कायद्याने अनुदान वाढविले आणि दारिद्र्यरेषेच्या चारशे टक्क्यांची कमाल मर्यादा काढली; २०२२ मध्ये ही वाढ २०२५ अखेरपर्यंत चालू ठेवण्यात आली. ती पुढे चालू ठेवावी की नाही या वादात १ ऑक्टोबर २०२५ पासून संघशासनाचे कामकाज त्रेचाळीस दिवस बंद राहिले. वाढीव अनुदानाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली.

आणि विमासक्ती? २२ डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने ती रद्द केली नाही. अर्थसंकल्पीय प्रक्रियेतून केवळ रकमा बदलता येत होत्या, म्हणून २०१९ पासून दंडाची रक्कम तेवढी बदलली. दंडच उरला नाही, तर तो कर कसा, आणि कर नसेल तर तरतूद घटनाबाह्य ठरून सारा कायदा कोसळत नाही काय, असा प्रश्न घेऊन टेक्सास व इतर राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ जून २०२१ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने दावा फेटाळला, तो वादींना दाद मागण्याचा अधिकार नाही या कारणावर; मूळ प्रश्नाला त्याने स्पर्श केला नाही. करसंहितेतील ५०००-ए हे कलम अद्याप जागेवर आहे. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, असे ते सांगते, आणि न घेणाऱ्यासाठी दंडाच्या रकान्यात शून्य डॉलर हा आकडा लिहिलेला आहे.